डाव्या बाजूचा बैल

महालिंगप्पा गोठ्यात बसून बैलाला भाकरी भरवत होता, आणि गिरिजाबाई महालिंगप्पाला भाकरी भरवायच्या खटपटीत होती. बैल खात होता. नवरा खात नव्हता. तिच्या हातातून तुकडा घ्यायचा, मान डोलवायची आणि तोच तुकडा बसवाच्या तोंडात सरकवायचा, हा प्रकार तीन महिने दोन्ही वेळ चालू होता. बसवाची कातडी त्यामुळे तुकतुकीत झाली होती, आणि महालिंगप्पाचा सदरा खुंटीवर अडकवल्यासारखा त्याच्याच खांद्यांवर लोंबत होता.

"अवं, येक तरी तुकडा पोटात जाऊ द्या की."

"गेला की."

"बसवाच्या गेला."

"येकच हाय ते," महालिंगप्पा म्हणाला.

त्यांची तेरा वर्षांची लेक रुद्रम्मा दारात बसून पाटी पुसत होती. घरात सगळे तिला रुद्री म्हणत. वाडीच्या शाळेत एकतीस पोरं आणि ही एकटी पोरगी. त्यात गेल्या परीक्षेला उर्दूत पहिली आलेली. तेव्हापासून तिची चाल बदलली होती. पाणी आणायला निघाली तरी कचेरीला निघाल्यासारखी निघायची. सडकेवरच्या मैलाच्या दगडावरची उर्दू अक्षरं येणाऱ्याजाणाऱ्याला, कुणी विचारलं नसताना, वाचून दाखवायची.

तेवढ्यात अण्णाराव पाटील अंगणात आले. पाटील सहसा कुणाच्या अंगणात येत नसत. माणसाला चावडीवर बोलावत. ते स्वतः आले म्हणजे काहीतरी वाईट आहे, हे गिरिजाबाईनं ओळखलं आणि पदर सावरला.

"महालिंगप्पा, तालुक्याहून कागद आलाय. तुझं नाव हाय म्हणं. मास्तर जळकोटाला गेलेत. पोरीला वाचाय सांग."

पाटलांना उर्दू बोलता येई, वाचता येत नसे. वाडीत वाचणारे दोघंच, भीमाशंकर मास्तर आणि रुद्री. रुद्रीनं ओले हात परकराला पुसले, कागद दोन्ही हातांत धरला, घसा साफ केला आणि शाळेत धडा म्हणतात तशा खणखणीत आवाजात उर्दूचं मराठी करायला सुरुवात केली.

"मौजे वाडीच्या पाटलांना कळवण्यात येतं की, महालिंगप्पा वल्द शरणबसप्पा यांच्या बैलाबाबत सरकारात अर्ज पोचला आहे. सदर बैल चालताना लंगडतो..." इथं आवाज थोडा खाली आला. "खांदा आलेला आहे. खाणं सुटलं आहे..." आवाज आणखी खाली आला. "रात्री दचकून उठतो. आणि... आणि मेलेल्या सोबत्याला हाका मारतो."

पुढचं वाचायला तिला कागदाची गरज नव्हती. तो मजकूर तिचाच होता.

"पुढं वाच की," पाटील म्हणाले.

"सबब सोमवारी सलोत्रीसाहेब जनावर तपासतील. जनावर नाकाम, म्हंजे निकामी, ठरल्यास... तालुक्याच्या कोंडवाड्यात जमा करावं."

गोठ्यात फक्त बसवाचं चावणं ऐकू येत राहिलं. तालुक्याच्या कोंडवाड्यात गेलेलं जनावर परत आलेलं वाडीत कुणी पाहिलं नव्हतं. तिथं पाणी कुणी पाजायचं हेच ठरलेलं नसायचं म्हणत. भिंतीच्या सावलीबरोबर जनावरं सरकायची, आणि एक दिवस सावली सरकायची, जनावर सरकायचं नाही.

"अर्ज दिला कुणी?" महालिंगप्पानं विचारलं. आवाज अगदी शांत होता. तोच वाईट होता.

"नाव लिव्हलंय, पर..." रुद्रीनं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, परत जवळ नेला. "हितं शाई फुटलीया, अप्पा."

शाई कुठंही फुटली नव्हती.

झालं होतं असं. ज्येष्ठात मल्लू मेला. मल्लू म्हणजे बसवाच्या जोडीचा, डाव्या बाजूचा बैल. बांधाला चरताना पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि दुपारच्या आत सगळं संपलं. अप्पानं त्याला शेताच्या कडेला पुरलं, वर चाफा लावला, आणि घरी येऊन सांगितलं, "वरीसभर त्येच्या जागी दुसरा बैल जुपायचा न्हाय." आईच्या भावानं, अणदूरच्या वीरप्पामामानं, आपला एक बैल न्या म्हणून तीनदा निरोप धाडला. अप्पानं तिन्ही वेळा निरोप्याला ताक पाजून परत लावलं. मग कोळपणी आली. जुवाखाली दोन माना तर हव्यातच. तेव्हा अप्पानं खांद्यावर गोणपाटाची घडी टाकली आणि डाव्या बाजूला स्वतः उभा राहिला.

पहिल्या दिवशी वाडी हसली. दुसऱ्या दिवशीही हसली. तिसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही, कारण ते दोघं फारच नीट चालायचे.

मग बसवा लंगडायला लागला. आणि त्याच सुमाराला शाळेत मास्तरांनी अर्ज लिहायला शिकवला. "अर्जात निदान पाच तक्रारी पायजेत," मास्तर म्हणाले. "दोन तक्रारींचा अर्ज सरकार उलगडून बी बघत न्हाय." बाकी पोरांनी खोटीखोटी गाऱ्हाणी लिहिली, कुणी विहिरीचं, कुणी माकडांचं. रुद्रीनं खरं लिहायला घेतलं. बसवाचं लंगडणं ही एक तक्रार झाली. उरलेल्या चार कुठून आणायच्या? बैलाला बाकी काहीच होत नव्हतं. तिनं पेन्सिल चावत घरात इकडंतिकडं पाहिलं आणि डोळ्यांसमोर होत्या त्या लिहिल्या. जुवानं सुजून खांदा अप्पाचा आला होता. खाणं अप्पाचं सुटलं होतं. रात्री दचकून अप्पा उठायचा आणि "मल्ल्या, सर की रं" म्हणायचा. त्या चारही तिनं बसवाच्या नावावर घातल्या.

मास्तर अर्ज वाचून इतके खूश झाले की शाळा तपासायला येणाऱ्या साहेबासाठी ठेवलेल्या कागदांत त्यांनी तो सगळ्यात वर लावला. साहेबानं सगळे कागद कचेरीत नेले. कचेरीत कुण्या कारकुनानं बैलाचा कागद पाहिला आणि तो सलोत्र्याकडं, म्हणजे जनावरांच्या डॉक्टराकडं, पाठवला. निजामसरकारात खऱ्या अर्जाला उत्तर यायला दोन दोन वर्षं लागत. चिंचोळीच्या एका माणसाच्या अर्जाचं उत्तर तर त्याच्या नातवानं घेतलं. हे उत्तर मात्र विसाव्या दिवशी आलं.

सोमवारला पाच दिवस होते. तेवढ्यात वाडीनं बसवाच्या तब्येतीचा कारभार हातात घेतला.

"घासूनपुसून चकचकीत ठिवा," गिरिजाबाई म्हणाली. "साहेबाला दिसू द्या, कसा राजावानी सांभाळलाय." तिनं त्याला ओढ्यावर नेऊन धुतला, शिंगांना तेल लावलं.

संध्याकाळी पाटील आले आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई, लढाई चालूया! धडधाकट बैल दिसला का लष्कराला नेत्यात म्हणं. चिखल फास त्येला."

चिखल फासला. सकाळी मास्तर आले. रुद्रीचा अर्ज कुठं पोचला हे त्यांना जळकोटातच कळलं होतं, त्यामुळे ते तिच्या नजरेला नजर देत नव्हते आणि ती त्यांच्या. "चिखल? अहो, असा दिसला तर सरळ कोंडवाडाच! धुवा, धुवा."

पुन्हा धुतला. धड दिसला तर लष्कर, आजारी दिसला तर कोंडवाडा. शेवटी असं ठरलं की बैल मध्यम दिसला पाहिजे. पण मध्यम बैल कसा असतो हे कुणालाच सांगता येईना. पाटलांचं म्हणणं, पुढचा भाग धुवा, मागचा राहू द्या. तीन दिवसांत चार वेळा धुतल्यामुळे बसवाला सर्दी झाली, आणि आजवर नसलेला एक आजार खरोखरच तयार झाला.

रुद्रीला झोप लागेना. ती पहाटे उठून बसवाला एकटी फिरवायला न्यायची. लंगडणं तेवढं थांबलं तर सगळं निभावेल, असं तिनं मनाशी धरलं होतं. आणि काय सांगावं, तिच्याबरोबर तो अजिबात लंगडत नसे! सरळ, तालात, चारही पाय मोजून टाकल्यासारखे. ती हरखून घरी यायची. दुपारी अप्पा त्याला घेऊन शेताकडं निघाला की दारातून बघायची. लंगडतोय. डावा पाय टाकला की खचतोय. तिला वाटायचं, बैलसुद्धा आपल्यावर डूख धरून आहे.

सोमवारी कोळशावर चालणारी सर्व्हिस मोटार सडकेवर थांबली आणि तीतून सलोत्रीसाहेब उतरले. मोटारीच्या मागच्या बाजूला बसल्यामुळे साहेबांची शेरवानी मुळात कुठल्या रंगाची होती हे ओळखू येत नव्हतं. चेहऱ्यावर काजळी, हातात चामड्याची पेटी, आणि स्वभावानं माणूस इतका गंभीर की जनावरंसुद्धा त्याच्यापुढं पाय जुळवून उभी राहत.

अख्खी वाडी अंगणात जमली होती. साहेबांनी तोंड धुतलं, बसवाच्या समोर दोन हात अंतरावर उकिडवे बसले आणि बघत राहिले. बघतच राहिले. पाटील कुजबुजले, "काय करत्यात?" मास्तर म्हणाले, "तपासणी." पाटील म्हणाले, "हात बी लावंना की."

साहेब कान बघत होते, कुठं वळतात. डोळे बघत होते. घड्याळ काढून रवंथ मोजली. शेण काडीनं उलगडून पाहिलं. मग एकेक प्रश्न सुरू झाले, आणि प्रश्न असे की वाडीनं जन्मात ऐकले नव्हते. कुठल्या कुशीवर निजतो? उठताना कण्हतो का? कुणाचा आवाज आला की कान टवकारतो? दिवसातून किती वेळ एकटा असतो? त्याला काय आवडतं?

"आवडतं?" पाटलांना राहवलं नाही. "साहेब, बैलाला काय आवडायचं?"

"हौ, आवडतं जी. बैल हुआ तो क्या," साहेब म्हणाले आणि अर्ज उलगडला. "खांदा आलाय, लिखा है. कुठं आलाय? मऊ है, लोण्यासारखा. खाणं सुटलंय? ये तो पैलवान है. थोडी सर्दी है." त्यांनी गिरिजाबाईकडं पाहिलं. "धुतलं क्या जादा?"

गिरिजाबाईनं पाटलांकडं पाहिलं. पाटलांनी आभाळाकडं पाहिलं.

"अर्ज देनेवाला कौन? हाजिर है?" साहेबांनी कागद उजेडात धरला. "रुद्रम्मा बिन्त महालिंगप्पा."

अंगणातली सगळी डोकी एकदम वळली. रुद्रीनं दाराची चौकट घट्ट धरली. सडकेवरच्या मैलाच्या दगडापर्यंत पळत जावं आणि पुढंही पळतच राहावं, असं तिला वाटलं. अप्पाही तिच्याकडं वळला.

"तू व्हय?" तो म्हणाला. "म्या उगंच शेजारच्यांशी बोलणं सोडलं पाच दिस."

बस, एवढंच. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"लंगडना देखना है," साहेब म्हणाले. "जुवाला जुपा."

"आज सोमवार हाय," अप्पा म्हणाला.

"तो?"

"सोमवारी बैल जुपत न्हाईत, साहेब. बसवण्णाचा वार हाय."

"सरकारची सुट्टी जुम्याची है."

"सरकारची असंल. ह्येची सोमवारची."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. परतीची मोटार दोन तासांनी होती आणि पुढचा दौरा थेट माघात. "अच्छा. बैल नक्को. तुम्ही अकेले जू उचलून दाखवा. चाल कैसी बसते, मैं देखतो."

"म्या बी न्हाय उचलणार. म्या मल्लूच्या जागंवर हाय. मल्लूचा बी सोमवारच."

मास्तरांनी डोळे मिटले. पाटलांनी आपण या वाडीचे पाटील नसल्यासारखा चेहरा केला. साहेब मात्र चिडले नाहीत. ते अप्पाकडं, मघाशी बसवाकडं पाहिलं होतं तसं, बघत राहिले.

"पाण्याला तो नेता ना सोमवारी?"

"व्हय. पाण्याला सोमवार न्हाय."

अप्पानं दावं सोडलं आणि हौदाकडं निघाला. बसवा आपणहून त्याच्या उजव्या बाजूला आला. मधे कुणी जू ठेवलं नव्हतं, तरी दोघांमधलं अंतर अगदी जुवाएवढं होतं. चारपाच पावलं झाली आणि बसवा लंगडायला लागला. डावा पाय टाकला की खचायचा. अंगणातून हळहळ निघाली. गिरिजाबाईनं तोंडाला पदर लावला. आता संपलं.

"ठैरो," साहेब म्हणाले. "लडकी, तू ने."

रुद्रीनं दावं घेतलं. बसवा तिच्याबरोबर हौदापर्यंत गेला आणि परत आला, सरळ, तालात, पाय मोजून टाकत.

"अब फिर तुम."

अप्पा निघाला. बसवा लंगडला.

"अब तुम अकेले. बैल इधर राहू द्या."

अप्पा एकटा हौदाकडं चालत गेला. आणि मग सगळ्या वाडीनं, तीन महिन्यांत पहिल्यांदाच, महालिंगप्पाच्या पायांकडं पाहिलं. डावा पाय टाकला की तो खचत होता. कोळपणीत कधीतरी टाच चिरली होती, ती चिघळून टणक झाली होती, आणि तो तिच्यावर भार न देता चालत होता. सगळे बैलाकडं बघत होते. माणसाच्या पायाकडं कोण बघतं?

बसवाला काही झालं नव्हतं. तो फक्त जोडीदाराच्या पावलाला पाऊल देत होता.

"माझ्यापायी लंगडतो व्हय रं?" अप्पा बसवाजवळ येऊन पुटपुटला, आणि त्याच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. साहेबांनी रुमाल काढून तोंडावरची काजळी पुसली; खरं तर काजळी मघाशीच धुतली गेली होती.

इथं सगळं संपायला हरकत नव्हती. पण साहेबांनी पेटीतून छापील फॉर्म काढला, आणि फॉर्मात दोन रकाने होते, उजवा बैल आणि डावा बैल.

उजवा रकाना झरझर भरला. डाव्यापाशी साहेब थांबले.

"डावा?"

"मेला," पाटील म्हणाले.

"उसकी जगह काम कौन करतो?"

गिरिजाबाईच पुढं आली आणि नवऱ्याकडं बोट केलं. "हे."

"साहेब, रकाना कोरा सोडा की," मास्तर म्हणाले.

"कोरा सोडला तो कागद वरनं वापस येतो जी. फिर मेरे को दुबारा यावं लागतं. कोळशाच्या मोटारीतनं." साहेबांनी लेखणी बुडवली. "उमर?"

"पन्नाशीला आले," गिरिजाबाई म्हणाली. ती तीन महिने कुणीतरी विचारायची वाटच बघत होती. "खांदा बघा साहेब, सोलून निघालाय. भाकरीचा तुकडा खात न्हाईत, समदा त्या बैलाला घालत्यात. उठताना कण्हत्यात. रातच्याला दचकून बसत्यात आन् मेलेल्या बैलाला हाका मारत्यात."

साहेबांनी अर्ज परत उलगडला. एकेक तक्रार वाचून ते अप्पाकडं बघत गेले आणि खूण करत गेले. पाचवी खूण झाल्यावर त्यांनी रुद्रीकडं पाहिलं. "लडकी, अर्ज खरा है. खाली बैल गलत लिखा."

मग त्यांनी रकान्याच्या तळाला एक शब्द लिहिला. रुद्रीला तो उलटा दिसत होता, तरी वाचता आला. नाकाम.

"आता?" पाटलांनी विचारलं.

साहेबांनी बोट फॉर्मच्या तळाशी नेलं. नाकाम ठरलेलं जनावर कोंडवाड्यात जमा करावं, असं फॉर्मच्या खाली छापलेलंच होतं. साहेबांनी ते वाचलं, मास्तरांनी वाचलं, रुद्रीनं वाचलं. नुसत्या तिघांच्या तोंडांवरून वाडीनंही वाचलं.

"माणूस कोंडवाड्यात?" पाटील ओरडले. "आन् चारा कुणी द्यायचा? माझ्या नावावर पडंल ते!"

एवढा गोंधळ चालू असताना अप्पा घरात गेला आणि बाहेर आला तो काखेत घोंगडी घेऊन. "चला साहेब. म्या येतो कोंडवाड्यात. बसवा हितंच राहू द्या. त्येला पाण्याची येळ ठावी हाय, पोरगी पाजंल."

तो थट्टा करत नव्हता. त्याच्या तोंडावर तीन महिन्यांत पहिल्यांदाच जरा सुटका झाल्यासारखं दिसत होतं, आणि तेच बघवत नव्हतं. गिरिजाबाईनं घोंगडी हिसकावली. त्यानं परत घेतली. तिनं परत हिसकावली. "नाकाम काय, नाकाम! घरात बसा म्हणून तीन म्हैनं सांगते, ते न्हाय ऐकलं, आन् कोंडवाड्याला निगाले घोंगडी घिऊन!"

साहेबांनी फॉर्मची घडी घातली. "वरनं हुकूम येईल, तब देखेंगे. तोवर जू नक्को. दोघांनाही नक्को." आणि ते जवळजवळ पळतच सडकेकडं गेले. मोटार उभी होती, पण चालू होईना. कोळसा नीट पेटला नव्हता. ढकलायला चार माणसं गेली. त्यात अप्पाही गेला आणि सवयीनं डाव्या बाजूला उभा राहिला.

"नक्को जी!" खिडकीतून साहेबांचा आवाज आला. "तुम्ही नक्को!"

हुकूम येईना. आभाळ रोज भरून यायचं आणि न बरसता निघून जायचं. मागच्या पावसानं रानाला वाफसा आला होता, तो चालला होता. रब्बीची पेरणी दहा दिवसांत झाली नाही तर वर्षाची ज्वारी गेली. शेजारची रानं पेरून झाली. गिरिजाबाईनं वीरप्पामामाच्या बैलाचं नाव काढलं. अप्पा म्हणाला, "वरीस झालेलं न्हाय." टाचेला ती बिब्बा लावायची, तो लावून घ्यायचा, भाकरी मात्र तशीच गोठ्यात जायची. आठव्या दिवशी सकाळी त्यानं गोणपाटाची घडी झटकली. "उद्या तिफण काढतो. सरकारचं सरकारला बगू दे."

तिफण. कोळपं वेगळं. तिफणीला अख्खा बैल लागतो, आणि हा तर टाचेवर उभा राहू शकत नव्हता.

संध्याकाळी मास्तरांनी कागद आणून तिच्या हातात दिला आणि स्वतः दारातच थांबले, चपला न काढता. अप्पा अंगणात तिफणीचे दोर आवळत होता. आई चुलीपुढून उठून आली.

रुद्रीनं कागद उलगडला. साहेबांचाच फॉर्म होता, वर कचेरीचा शिक्का. डावा रकाना निळ्या पेन्सिलीनं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत खोडला होता. खाली दोन ओळी होत्या. उजवा बैल तंदुरुस्त आहे. डाव्या बाजूला जनावर नाही. तक्रार बेबुनियाद, मिसल बंद, म्हणजे प्रकरण संपलं.

तिनं त्या दोन ओळी मनात वाचल्या. परत वाचल्या. डाव्या बाजूला कुणी नाही. म्हणजे उद्या सकाळी डाव्या बाजूला जे उभं राहणार होतं, त्याला सरकारची काही हरकत नव्हती.

"काय म्हणतंय?" अप्पानं दोरावरची नजर न काढता विचारलं.

रुद्रीनं मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी कागद आधीच वाचला असणार, हे तिला ठाऊक होतं. तिनं घसा साफ केला. आवाज खणखणीत निघाला, धडा म्हणतात तसा.

"महालिंगप्पा वल्द शरणबसप्पा यांना हुकूम देण्यात येतो की, डाव्या बाजूचं जनावर सरकारनं बारकाईनं तपासलं आहे. त्याचा खांदा आलेला आहे आणि टाच चिरलेली आहे. सबब आजपासून त्याला कोळपं, तिफण, नांगर, यातलं काहीही लावू नये. त्याला दोन्ही वेळा पोटभर चारावं, आणि त्याचा चारा त्यानं दुसऱ्या जनावराला देऊ नये. त्याच्या जागी तातडीनं दुसरा बैल आणावा."

मास्तर आपल्या चपलांकडं बघत होते.

"आणखी," रुद्री म्हणाली, आणि तिनं कागद डोळ्यांजवळ नेला, "मल्लू नावाच्या बैलाचा तीन महिन्यांचा दुखवटा सरकारनं मंजूर केला आहे. तो आज पुरा झाला."

अप्पानं हातातला दोर खाली ठेवला. तो उठला, लंगडत आला आणि कागद तिच्या हातातून घेऊन उजेडात धरला. त्याला कुठलीच अक्षरं वाचता येत नव्हती. ओळी मात्र मोजता येत होत्या.

"दोनच वळी हायत की गं."

"उर्दूत लई मावतं, अप्पा."

तो मास्तरांकडं वळला. "व्हय का, मास्तर?"

मास्तरांनी आयुष्यात पोरांना खोटं बोलल्याबद्दल किती छड्या मारल्या असतील, त्याची गणती नव्हती. "मावतं," ते म्हणाले. "लई मावतं."

अप्पानं पायानं तिफणीचा दोर बाजूला सारला. मग गिरिजाबाईला म्हणाला, "वीरप्पाला सांगावा धाड. बैल घिऊन सकाळीच ये म्हणावं." बोलली असती तर रडली असती, म्हणून ती लगबगीनं आत गेली.

"रुद्रे."

"काय अप्पा?"

"मल्लूचं नाव लिव्हलंय म्हणालीस न्हवं ह्यात? कुठं हाय ते?"

रुद्रीनं बोट पुढं केलं. ते कागदावर थोडं फिरलं आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी, 'मिसल बंद' या दोन शब्दांवर थांबलं.

अप्पानं तिथं अंगठा टेकवला आणि हळूहळू फिरवला, पुसलं जाऊ नये इतपत.

"बारीक लिव्हलंय," तो म्हणाला. "पर लिव्हलंय."